विद्यार्थ्यांसाठी स्वसंरक्षण: धोका ओळखण्यापासून सुटकेपर्यंत

स्वसंरक्षण शिकायला येणारा विद्यार्थी बहुधा पहिल्याच दिवशी विचारतो, की समोरच्याने मनगट धरले तर काय करायचे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर या लेखात पुढे सविस्तर दिले आहे. परंतु तो हात मनगटापर्यंत पोहोचण्याआधी बहुतेक वेळा काही सेकंद, कधी काही मिनिटे आणि ओळखीच्या माणसाच्या बाबतीत तर कित्येक आठवडे आपल्या हाताशी असतात. हा वेळ वापरता येणे हा स्वसंरक्षणाचा मोठा भाग आहे. उरलेला भाग पकड सोडवण्याचा, आणि तोही केवळ निसटण्यापुरता. समोरच्याला लोळवणे हे आपले काम नाही. आपण धडधाकट अवस्थेत सुरक्षित जागी पोहोचलो, की काम झाले.

हे म्हणण्याला आधार आहे. कॅनडातील ३ विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींना सहभागी करून घेऊन झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सुमारे १२ तासांचे प्रशिक्षण दिले गेले आणि दुसऱ्या गटाला केवळ माहितीपत्रके मिळाली. वर्षभरानंतर पाहिले, तेव्हा बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के होते. त्या प्रशिक्षणात शारीरिक तंत्रे होतीच, पण धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाला विरोध करताना वाटणारा संकोच मोडणे आणि स्वतःला काय हवे व काय नको हे स्पष्ट करून घेणे यांवरही तितकाच भर होता.

पुढे काहीही वाचण्याआधी एक गोष्ट पक्की असू द्यावी. हल्ल्याची जबाबदारी संपूर्णपणे हल्ला करणाऱ्याची असते. या लेखातील एखादी सूचना कोणाला पाळता आली नाही, आठवली नाही किंवा पाळूनही उपयोग झाला नाही, तर त्या व्यक्तीचा दोष कणभरही वाढत नाही.

लक्ष: कोठे आणि किती

चोवीस तास दक्ष राहणे कोणालाच शक्य नाही आणि तसा प्रयत्न करणारा माणूस थकून नेमका नको तेव्हा बेसावध होतो. जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाने सावधपणाच्या अवस्थांना पांढरा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशी रंगांची नावे दिली होती, ती आजही उपयोगी पडतात. पांढरी अवस्था म्हणजे पूर्ण बेसावधपणा, पिवळी म्हणजे निवांत परंतु जागे असणे, नारिंगी म्हणजे एखाद्या ठरावीक व्यक्तीकडे वा हालचालीकडे लक्ष गेलेले असणे, आणि लाल म्हणजे कृतीची वेळ. घराबाहेर पडल्यावर पिवळ्या अवस्थेत राहावे. लक्ष नारिंगी अवस्थेत गेले, की तेव्हाच मनाशी ठरवावे: ‘हा माणूस त्या खांबापर्यंत आला, तर मी उजवीकडच्या दारातून आत जाईन.’ आधी ठरवलेली कृती घाबरलेले शरीरही करू शकते. ऐनवेळी नव्याने विचार करणे मात्र फार अवघड जाते.

जास्त लक्ष द्यायचे ते दोन जागांच्या मधल्या टप्प्यांवर. जिना, लिफ्ट, वाहनतळ, बसथांबा, वसतिगृहाचे मागचे फाटक, अभ्यासिकेतून बाहेर पडल्यानंतरचा ओसाड पट्टा, या ठिकाणी आपण एकटे असतो आणि मन पुढच्या मुक्कामी पोहोचलेले असते. अशा टप्प्यावर दोन्ही कानांत इअरफोन नसावेत. फोन पाहायचाच असेल, तर भिंतीला पाठ लावून थांबावे, पाहावे, खिशात ठेवावा आणि मग चालू लागावे. दाराची किल्ली दारापर्यंत पोहोचण्याआधीच हातात असावी. ती बोटांच्या फटींत धरून ठोसा मारण्याचा सल्ला मात्र विसरून जावा, कारण तशा ठोशात किल्ली फिरते आणि आपलीच बोटे जायबंदी होतात.

कोणत्याही नव्या जागी शिरताना बाहेर पडण्याच्या दोन वाटा आणि मदत मागता येईल असा एक माणूस, एवढे तीन तपशील डोळ्यांनी टिपण्याची सवय लावून घ्यावी. अॅपवरून मागवलेल्या गाडीत बसण्यापूर्वी क्रमांक पडताळावा आणि स्वतःचे नाव सांगण्याऐवजी चालकाला विचारावे, ‘तुम्ही कोणाला घ्यायला आला आहात?’ लिफ्टमधल्या माणसाबद्दल मन कचरले, तर आत शिरू नये. बटणांपाशी उभे राहून पुढच्या मजल्यावर उतरणेही तितकेच सोपे आहे. समोरच्याला वाईट वाटेल या विचाराने लिफ्टमध्ये शिरणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांना मी प्रत्येक वेळी हेच सांगतो की अनोळखी माणसाच्या मनाची एवढी काळजी वाहण्याचे कारण नाही.

कोणी मागून येत असल्याचा संशय आला, तर रस्ता ओलांडावा आणि वेग बदलावा. तोही तसेच करत असेल, तर मागे वळून त्याच्याकडे स्पष्टपणे पाहावे, म्हणजे आपण त्याला पाहिले आहे हे त्याला कळते. त्यानंतर घरी किंवा खोलीवर जाऊ नये. जिथे माणसे आहेत अशा उघड्या ठिकाणी शिरावे आणि तिथून फोन करावा.

आता एक प्रसंग जवळून पाहू. जिन्याच्या वळणावर एक अनोळखी माणूस उभा आहे आणि तो वेळ विचारतो. आपण सवयीने मनगट कमरेपाशी वळवतो आणि मान खाली घालतो. त्या एक-दोन सेकंदांत त्याचे हात कोठे आहेत हे आपल्याला दिसत नाही आणि तो एक पायरी जवळ आला तरी कळत नाही. हल्ल्याच्या तयारीत असलेला माणूस अशाच साध्या प्रश्नाने चाचपणी करतो: हा थांबतो का, जवळ येऊ देतो का, गोंधळतो का. म्हणून एक पाऊल मागे घ्यावे, घड्याळ डोळ्यांच्या उंचीवर आणून त्याच्या खांद्यांकडे नजर ठेवतच वेळ सांगावी, किंवा ‘माहीत नाही’ म्हणून न थांबता पुढे जावे. खरोखरच वेळ हवी असलेल्या माणसाचे यात काहीही बिघडत नाही.

अंतर आणि आवाज

एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने माणसे एकमेकांपासून किती अंतर राखतात याचा अभ्यास केला आणि साधारण ४५ सेंटिमीटर ते १.२ मीटर हे ओळखीच्यांचे अंतर व त्यापलीकडचे ते परक्यांशी व्यवहाराचे, अशी विभागणी मांडली. संस्कृतीनुसार हे आकडे बदलतात, पण बचावासाठी एक सोपे माप पुरते: परक्या माणसाला हात लांब करून आपल्याला स्पर्श करण्यासाठी पाऊल टाकावेच लागेल, एवढे अंतर राखावे. ते पाऊल हीच आपल्याला मिळणारी सूचना असते.

अंतर कमी होऊ लागले, की पुढील क्रमाने वागावे. एक पाय अर्धे पाऊल मागे घ्यावा आणि गुडघे किंचित सैल ठेवावेत. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, कोपरे अंगालगत आणि तळवे समोर, असे आणावेत. बघणाऱ्यांना हा पवित्रा भांडण नको असल्याचा दिसतो आणि पुढे साक्ष देणाऱ्यांच्याही तो लक्षात राहतो. त्याच वेळी चेहरा व गळा झाकला जातो आणि हात आधीच वर असल्याने ढकलणे वा रोखणे पटकन जमते. मग पोटातून, खालच्या पट्टीत, लहान वाक्य बोलावे: ‘थांबा. पुढे येऊ नका.’ तो काहीही म्हणाला, तरी हेच शब्द पुन्हा म्हणावेत. कारणे देऊ नयेत, कारण प्रत्येक कारणावर वाद घालता येतो. शिवी देऊ नये, कारण तिने त्याचा माघार घेण्याचा मार्ग बंद होतो.

मदतीची हाक मारताना गर्दीला उद्देशून ओरडण्यापेक्षा एकाला निवडावे: ‘निळा शर्ट घातलेले काका, पोलिसांना फोन करा! हा माणूस माझ्या ओळखीचा नाही!’ जॉन डार्ली आणि बिब लॅटाने यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले होते, की आणखी लोक हजर आहेत असे वाटले की प्रत्येकाची मदतीला धावण्याची शक्यता घटते. एकाला नेमके काम सांगितले, की ती जबाबदारी त्याच्यावर येते. ‘ओळखीचा नाही’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत, कारण बघणारे अनेकदा हे घरगुती भांडण असावे असे समजून बाजूला राहतात. आणि कोणीच येणार नाही, असे मात्र मानू नये. तीन देशांतील शहरांच्या रस्त्यांवरील २१९ भांडणांची कॅमेऱ्यातील चित्रणे तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १० पैकी ९ प्रसंगांत उपस्थितांपैकी किमान एकाने तरी मध्ये पडून काहीतरी केल्याचे आढळले.

आपण स्वतः बघणाऱ्यांत असलो, तर हल्लेखोरावर धावून जाण्याआधी त्रास होत असलेल्या व्यक्तीशी बोलावे. ‘अगं, तू इथे आहेस होय, सर शोधताहेत तुला,’ अशी खोटी ओळख काढून तिला बाजूला नेणे हा उत्तम उपाय आहे. ते जमणार नसेल, तर दुसऱ्या कोणाला तरी सोबत घ्यावे.

लुटारूने फोन, पाकीट किंवा लॅपटॉप मागितला, तर तो द्यावा, हातात देण्याऐवजी एका बाजूला टाकावा आणि दुसऱ्या बाजूला पळावे. ‘गाडीत बस’ किंवा ‘मागच्या बाजूला चल’ असे कोणी म्हणू लागला, तर बेत पूर्ण बदलतो. दुसऱ्या ठिकाणी नेणारा माणूस तिथे माणसे नाहीत म्हणूनच नेत असतो. जो काही आरडाओरडा, धडपड आणि पळापळ करायची, ती पहिल्या ठिकाणीच करावी.

ओळखीचा माणूस

विद्यार्थ्यांच्या बाबतीत, विशेषतः लैंगिक अत्याचारांत, गुन्हेगार बहुतेक वेळा ओळखीचा असतो: वर्गमित्र, वरच्या वर्गातला, जोडीदार, नातलग, शिकवणारा. त्यामुळे केवळ अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी तयारी करणे अपुरे आहे. येथे अंतर राखण्याचे माप चालत नाही, कारण तो आधीच जवळ आहे. येथे वागण्याचा आकृतिबंध पाहावा लागतो.

पाहायची पहिली गोष्ट म्हणजे तो लहानशा नकाराचे काय करतो. ‘आज नको, मला अभ्यास आहे’ याला ‘बरं’ म्हणणारा माणूस वेगळा आणि ‘पाचच मिनिटं’, ‘माझ्यासाठी एवढंही नाही का’, ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही’ असे म्हणत तोच नकार उलटवत राहणारा वेगळा. क्षुल्लक गोष्टीत नकार न मानणारा मोठ्या गोष्टीत तो मानेल, असे गृहीत धरू नये. याच्या जोडीला आणखी खुणा असतात: न मागता केलेल्या मदतीची वारंवार आठवण करून देणे, मैत्रिणी-मित्रांपासून तोडत नेणे, फोन तपासणे, भेटीची जागा ऐनवेळी एकांतात बदलणे, आणि गुण, शिफारसपत्र किंवा प्रकल्पाची नोंद यांचा खासगी भेटीशी संबंध जोडणे. यांतील एखादी खूण एकदा दिसली म्हणून कोणावर आरोप करण्याची गरज नाही. दोन-तीन एकत्र दिसल्या, तर भेटी चारचौघांत घ्याव्यात आणि विश्वासातल्या एका व्यक्तीला त्या नावानिशी सांगून ठेवाव्यात.

ओळखीच्या माणसाला कठोर शब्द बोलताना जीभ अडखळते, म्हणून ते शब्द आधी मोठ्याने म्हणून पाहावेत. ‘मला हे नको आहे. हात काढ.’ ‘सर, आपण विभागातच बोलू, मी सोबत मैत्रिणीला आणते.’ ‘मी निघालोय.’ शेवटचे वाक्य म्हणताना उठून उभे राहिलेले असावे. बसून निरोप घेणाऱ्याला पुन्हा बसवणे सोपे असते.

समारंभात स्वतःचे पेय नजरेआड करू नये आणि येताना सोबत असलेल्यांनी जातानाही एकमेकांची चौकशी केल्याशिवाय निघू नये. पिण्याच्या मानाने कोणी फारच झिंगल्यासारखे, तोल गेलेले किंवा सुन्न दिसले, तर पेयात काही मिसळले असण्याची शक्यता धरून त्याला ओळखीच्या माणसाने रुग्णालयात न्यावे. अशा कामी वापरली जाणारी काही द्रव्ये सुमारे १२ तासांतच लघवीतून नाहीशी होतात, त्यामुळे तपासणी लवकर मागून घ्यावी.

मुलांनी हा भाग आपल्यासाठी नाही असे मानू नये. लैंगिक अत्याचार मुलांवरही होतात. शिवाय रॅगिंग, दमदाटी आणि शब्दाने शब्द वाढून झालेली मारामारी हे त्यांच्या वाट्याला अधिक येणारे धोके आहेत. हमरीतुमरीवर आलेल्या माणसाला त्याच्या मित्रांसमोर माघार घेता येत नाही, म्हणून आवाज खाली आणून, एकदा ‘चुकलं माझं’ म्हणून निघून जाण्यात शहाणपणा आहे, मग चूक आपली असो वा नसो. एकच ठोसा बसून माणूस मागे कोसळतो, डोके फरशीवर आपटते आणि त्यात जीव जातो, असे खरोखर घडते. मारणाऱ्याचेही आयुष्य तिथेच बदलते.

भीतीत शरीर कसे वागते

वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी संकटात शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कसे सज्ज होते याचे वर्णन केले. अॅड्रेनलिन वाढते, हृदय धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, नजर अरुंद होते, कानांवर आलेले शब्द मनापर्यंत पोहोचत नाहीत आणि बोटांचे बारीक काम जमेनासे होते. याखेरीज तिसरी प्रतिक्रिया असते, ती म्हणजे थिजणे. माणूस ओरडू शकत नाही, हलू शकत नाही. हे कोणी ठरवून करत नाही, त्याला भित्रेपणा म्हणता येत नाही, आणि थिजलेल्या व्यक्तीने विरोध केला नाही म्हणून तिची संमती होती असे तर मुळीच म्हणता येत नाही.

थिजलेपण फोडण्यासाठी एखादी छोटी हालचाल लागते. तोंडाने जोरात श्वास सोडावा आणि पायाची बोटे बुटात आवळावीत. श्वास सुटला, की आवाज निघतो आणि पाय हलले, की बाकीचे शरीर मागोमाग येते. याच कारणासाठी पुढील तंत्रे मोठ्या स्नायूंची, ढोबळ आणि मोजकी आहेत.

पकड सोडवणे

मूठ वळून चेहऱ्यावर ठोसा मारण्याची सवय नसेल, तर तो मारू नये. कवटीच्या हाडावर आपटून करंगळीच्या मागचे हाताचे हाड मोडणे ही ठरलेली दुखापत आहे. त्याऐवजी तळहाताचा मनगटालगतचा जाड भाग वापरावा. बोटे मागे वळवून तो समोरच्याच्या नाकावर किंवा हनुवटीवर खालून वर, सरळ रेषेत मारावा, आणि जोर खांद्यापेक्षा मागच्या पायातून यावा. अगदी जवळ असलेल्यासाठी कोपर आणि गुडघा, मागून धरलेल्यासाठी टाच. लक्ष्ये मोजकी आहेत: डोळे, नाक, गळा, जांघ, गुडघा, नडगी आणि पावलाचा वरचा भाग. डोळे व गळा यांवरचा आघात गंभीर इजा करतो, म्हणून तो जिवावर बेतलेल्या प्रसंगासाठी राखावा.

मनगट धरले गेले, तर ताकदीची चढाओढ करू नये. पकडीत चार बोटे एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. या दोहोंची टोके जिथे भेटतात ती फट हीच पकडीची कमजोर जागा. आपला हात फिरवून मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे आणावी. मग समोरच्याच्या दिशेने अर्धे पाऊल पुढे टाकून कोपर त्याच्या कोपराकडे ढकलावे, आणि त्याच हिसक्यात मनगट अंगठ्याच्या फटीतून बाहेर काढावे. सगळी गंमत त्या पुढच्या पावलात आहे. मागे ओढले, तर त्याच्या पूर्ण हाताशी झुंजावे लागते. पुढे गेलो, की त्याचे कोपर दुमडते आणि सारा भार एकट्या अंगठ्यावर येतो. त्याने दोन्ही हातांनी आपला एक हात धरला असेल, तर आपला मोकळा हात त्याच्या हातांमधून घालून स्वतःची मूठ पकडावी आणि दोन्ही हात मिळून अंगठ्यांच्या दिशेने वर, स्वतःच्या खांद्याकडे ओढावेत. हात सुटताच पळावे. सुटल्यावर तिथेच उभे राहून बोलत बसणे ही सरावात हमखास दिसणारी चूक आहे, म्हणून सरावातही प्रत्येक वेळी चार पावले पळूनच थांबावे.

केस धरल्यास आधी त्याचा हात दोन्ही हातांनी स्वतःच्या डोक्यावर घट्ट दाबून धरावा. याने ओढ आणि वेदना कमी होते आणि त्याचा एक हात अडकतो. मग त्याच्याकडे वळून नडगीवर लाथ किंवा जांघेत गुडघा मारावा.

समोरून गळा आवळला गेला, तर वेळ फार थोडा असतो, कारण मानेतील रक्तवाहिन्या दबल्या तर सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपू शकते. पहिली हालचाल हनुवटी छातीकडे दाबण्याची आणि खांदे वर उचलण्याची. दुसरी, दोन्ही हातांची बोटे आकड्यासारखी करून त्याच्या अंगठ्यांच्या बुडाशी अडकवून हिसक्याने बाहेर ओढण्याची, आणि त्याच क्षणी गुडघा जांघेत मारण्याची. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या तरच पकड सैल होते. पाठ भिंतीला असेल, तर एक हात उंच करून, संपूर्ण अंग झटक्यात बाजूला वळवावे, म्हणजे उचललेल्या खांद्याने त्याची मनगटे झटकली जातात.

मागून कवेत घेतले, तर आधी गुडघे वाकवून बूड खाली आणि मागे न्यावे. खाली गेलेला माणूस उचलायला अवघड असतो. मग टाच त्याच्या नडगीवरून घासत पावलावर आदळावी, हात मोकळे असतील तर कोपर मागे चेहऱ्याकडे फेकावे, आणि हात कवेत अडकले असतील तर त्याची बोटे मिळतील ती एक-दोन धरून उलटी वळवावीत.

खाली पडल्यास पाठीवर येऊन पाय त्याच्याकडे करावेत, डोके जमिनीवरून उचललेले असावे आणि हात चेहऱ्यापुढे असावेत. तो फिरेल तसे कमरेवर फिरत राहून त्याच्या गुडघ्यांवर व नडग्यांवर लाथा माराव्यात. तो मागे सरकला, की एका हाताचा जमिनीला आधार देऊन, नजर त्याच्यावर ठेवतच उठावे. त्याला पाठ दाखवून उठू नये.

सुरा किंवा बंदूक यांच्याविषयी थोडक्यात. वस्तू मागत असेल तर देऊन टाकावी. १९८३ मध्ये डेनिस ट्युलर या अमेरिकी पोलिसाने दाखवून दिले, की सुरा घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे सुमारे ६.४ मीटर अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो. शस्त्र हिसकावून घेण्याची जी तंत्रे चित्रफितींमध्ये सहज जमलेली दिसतात, ती वर्षानुवर्षांच्या सरावाखेरीज करू नयेत. अंतर वाढवावे, मध्ये टेबल, गाडी किंवा सॅक आणावी आणि पळावे. मिरचीचा फवारा बाळगायचा असल्यास तो आपल्या देशात कायदेशीर आहे का हे पाहावे, मुदत तपासावी, आणि सॅकच्या तळाशी टाकण्याऐवजी हाताला पटकन लागेल असा ठेवावा. वारा आपल्याकडे वाहत असेल, तर तो आपल्याच डोळ्यांत येतो.

फोन

आपत्कालीन क्रमांक पाठ असावा. ११२ हा क्रमांक जगातील अनेक देशांत चालतो. बहुतेक नव्या फोनमध्ये बाजूचे बटण ५ वेळा झटपट दाबून मदतीची सूचना पाठवता येते, मात्र ही सोय आधी सेटिंगमध्ये जाऊन पाहावी आणि त्यात दोन विश्वासू व्यक्तींचे क्रमांक भरावेत. एकट्याने प्रवास करताना आपले थेट स्थान एकाच विश्वासू माणसाला दिसू द्यावे. कोठे आहोत हे समाजमाध्यमांवर टाकायचेच असेल, तर ती जागा सोडल्यावर टाकावे. अनोळखी ट्रॅकर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारे छोटे यंत्र, सोबत फिरत असल्याची सूचना फोनवर आली, तर ती झटकून टाकू नये. सॅक, कोट आणि वाहन तपासावे आणि घरी न जाता पोलिसांकडे जावे.

खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी कोणी दिली, तर पैसे देऊ नयेत, कारण दिल्यावर मागणी वाढते. संभाषण पुसू नये. सर्व संदेश, खात्याचे नाव आणि तारखा यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मगच त्या खात्याला ब्लॉक करावे. ‘स्टॉपएनसीआयआय’ ही डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली सेवा छायाचित्र आपल्याच फोनवर ठेवून त्याची केवळ डिजिटल खूण तयार करते आणि सहभागी माध्यमांना ते रोखण्यास मदत करते. १८ वर्षांखालील असताना काढलेल्या चित्रांसाठी ‘टेक इट डाउन’ ही अशीच सेवा आहे. घरी सांगण्याची भीती वाटत असेल, तरी एका तरी मोठ्या माणसाला सांगावेच. धमकी देणाऱ्याचे सारे बळ आपण एकटे आहोत या गृहीतकावर उभे असते.

प्रसंगानंतर

सुरक्षित जागी पोहोचल्यावर दार लावावे, फोन करावा आणि कोणाला तरी जवळ बोलवावे. अंगात अॅड्रेनलिन असताना जखम जाणवत नाही, म्हणून डोके, मान, बगला, पोट आणि पाठ हाताने चाचपून हात रक्ताने भरतो का ते पाहावे. डोक्याला मार लागल्यानंतर उलटी, गुंगी, बरळणे किंवा वाढती डोकेदुखी झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. गळा आवळला गेला असेल, तर बाहेर वळ दिसो वा न दिसो, डॉक्टरांना दाखवावेच. आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वासाला त्रास होणे ही आतल्या इजेची लक्षणे असतात, आणि मानेतील रक्तवाहिनीला झालेली इजा काही तासांनी किंवा काही दिवसांनीही पक्षाघाताला कारण ठरू शकते.

लैंगिक अत्याचार झाला असल्यास, शक्य असेल तर, तपासणी होईपर्यंत आंघोळ करू नये आणि कपडे बदललेच तर ते प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लॅस्टिकमध्ये ओलावा राहून पुरावा खराब होतो. आंघोळ झाली असली, तरी रुग्णालयात जाण्यात अर्थ आहेच. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारे औषध जितके लवकर तितके चांगले, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी १२० तासांपर्यंत उपयोगी पडते, तीही जितकी लवकर तितकी परिणामकारक. तक्रार द्यायची की नाही हे त्या दिवशी ठरवता आले नाही, तरी उपचार थांबवू नयेत.

स्वतःचा बचाव करताना बळ वापरावे लागले असेल, तर बहुतेक कायदे दोन गोष्टी पाहतात: धोका त्या क्षणी खरोखर होता का आणि वापरलेले बळ त्या धोक्याच्या प्रमाणात होते का. पळणाऱ्याचा पाठलाग करून मारणे बचावात मोडत नाही. म्हणून आठवते तसे, वेळ, जागा, बोललेले शब्द, कपडे आणि बघणाऱ्यांची नावे त्याच दिवशी लिहून किंवा फोनमध्ये बोलून ठेवावीत. काही तपशील नंतर आठवतात, काही उलटसुलट आठवतात. ते जसे आठवतील तसेच तारखेसह पुढे लिहावेत आणि आधीचे खोडू नये.

एखाद्या मैत्रिणीने किंवा मित्राने आपल्याला असा प्रसंग सांगितला, तर ‘तू तिथे गेलीसच का’ हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नये. ‘सांगितलंस ते बरं केलंस, आता तुला काय हवंय?’ एवढे विचारावे आणि जिथे जायचे असेल तिथे सोबत जावे.

सराव

वर्ग निवडताना तिथे ओरडण्याचा, नकार देण्याचा आणि पळण्याचा सराव होतो का हे आधी पाहावे. केवळ तंत्रांची लांबलचक यादी शिकवणारा, किंवा अमुक शिकलात की कोणी हात लावू शकणार नाही असे आश्वासन देणारा शिक्षक टाळावा. सराव करताना स्पर्श कोठे चालेल हे विचारणारा आणि ‘थांब’ म्हटल्यावर तत्क्षणी थांबणारा शिक्षक शोधावा. ज्युदो, बॉक्सिंग, कुस्ती यांसारखे खेळ वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहेत: तिथे खरा धक्का अंगावर घेण्याची सवय होते.

वर्ग मिळाला नाही, तर विश्वासातल्या जोडीदाराबरोबर आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे पुरतात. आधी आवाज, मग अंतराचा पवित्रा, मग एकच पकड, सुरुवातीला सावकाश आणि जमू लागल्यावर जोडीदाराने पकडीचा जोर वाढवत. रोजच्या बुटांत आणि पाठीवर सॅक असताना, डाव्या हातानेही आणि जिन्याच्या अरुंद वळणावरही करून पाहावे, कारण सपाट मैदानावर जमलेला हिसका तिथे भिंतीवर आपटतो आणि पाय कोठे ठेवायचा हे नव्याने शोधावे लागते. एक पकड अर्धझोपेतही सुटू लागली, की दुसरी घ्यावी.